उसन्या नोटेची जादू: साध्या युक्त्या आणि महागडी साधनं

प्रेक्षकाकडून नोट घ्यायची, ती नाहीशी करायची आणि भलत्याच ठिकाणाहून काढून दाखवायची. या प्रयोगात तीन कामं असतात. नोट तीच आहे हे पटवणं, ती गायब करणं आणि दुसरीकडे पोहोचवणं. बाजारात मिळणारी महाग साधनं बहुतेक तिसरं काम करतात. प्रेक्षक मात्र घरी जाऊन पहिल्याच कामाबद्दल बोलतो: "माझीच नोट होती, नंबर जुळला." म्हणून खरेदीआधी ओळखीचा प्रश्न सोडवावा.

एक जुनी, बिनखर्चाची पद्धत अशी. आपल्या नोटेचा नंबर पाठ करायचा आणि ती आधीच लिंबात घालून ठेवायची. उसनी नोट हातात आली की नंबर वाचल्याचा आव आणून पाठ केलेला नंबर मोठ्याने सांगायचा, कुणाला तरी तो लिहून घ्यायला लावायचा. शेवटी लिंबातल्या नोटेवर तोच नंबर निघतो आणि मालकाला तेवढ्याच किमतीची नोट परत मिळते. लिंबातली नोट म्हटलं की जाणकारांना अमेरिकी व्हॉडव्हिलचा, म्हणजे तिथल्या विविधरंगी करमणुकीच्या रंगमंचाचा जादूगार एमिल जॅरो आठवतो, इतका त्याने हा प्रयोग गाजवला. आज ही पद्धत एका गोष्टीमुळे अडते. मालक खिशातून फोन काढून नोटेचा फोटो घेतो आणि खोटा नंबर तिथेच उघडा पडतो.

मग फोटो आपणच घ्यायला सांगावा. नोटेवर सही नको, कोपरा फाडायला नको, जाळणं तर नकोच. लोकांना ते आवडत नाही आणि पुष्कळ देशांत नोट खराब करायला कायद्याने मनाई आहे. नंबराचा फोटो हा सर्वांत भक्कम पुरावा असतो. मात्र आता अदलाबदल चालणार नाही, खरी नोटच पोहोचवावी लागेल. त्यासाठी एक लिफाफा, जाड पुठ्ठा आणि लोकर एवढं पुरतं.

लिफाफा जाडसर, पांढरा घ्यावा. पत्ता लिहितात त्या बाजूला, तळापासून दोन-अडीच सेंमी वर, धारदार ब्लेडने तीन सेंमीची आडवी चीर द्यावी. नोट लांबीच्या दिशेने दोनदा दुमडली आणि मग आडवी दोनदा, की साधारण साडेतीन बाय पावणेदोन सेंमीची घडी होते. मालकाकडूनच घडी घालून घ्यावी, नखाने घट्ट दाबून.

चिरेची बाजू आपल्याकडे ठेवून लिफाफा डाव्या हातात धरा. उजव्या हाताने घडी आत सरकवा आणि तिचा खालचा अर्धा भाग चिरेतून मागे येऊ द्या. तो डाव्या बोटांनी धरून ठेवा. झाकण चिकटवून लिफाफा दिव्यासमोर धरला की वरच्या अर्ध्या भागाची सावली सगळ्यांना दिसते. हा क्षण घाईत घालवू नका, कारण नोट आत असल्याची खात्री याच सावलीने होते. मग उजव्या हाताने लिफाफा वरून धरून उचला. घडी डाव्या बोटांच्या वळणात राहते. लिफाफा चिरेची बाजू खाली करून टेबलावर ठेवा.

अजून काहीच गायब झालेलं नाही, म्हणून डाव्या हाताकडे कुणाचं लक्ष नसतं. नोट पोहोचवायची ती आत्ताच. लिफाफा फाडल्यावर हात पिशवीत गेला तर सगळे त्या हाताकडेच बघतात. नवशिक्यांची चूक बहुतेक इथेच होते.

पिशवीत लोकरीचा गुंडा असतो आणि त्यात पुठ्ठ्याची चपटी नळी. तिचं आतलं माप अडीच सेंमी रुंद, सहा-सात मिमी जाड, लांबी दहा सेंमी. आतून गुळगुळीत चिकटपट्टी लावा, नाहीतर घडी मध्येच अडकते. नळीचं एक तोंड गुंड्याच्या मध्यावर येईल आणि दुसरं तीन सेंमी बाहेर राहील अशी लोकर गुंडाळा. फार आवळली तर नळी निघताना गुंडा सोबत येतो. फार सैल ठेवली तर नळी निघाल्यावर भोक उघडं राहतं. पहिले पंधरा-वीस वेढे सैल आणि वरचे जरा ताणून, हे प्रमाण जमतं. लोकर जाडच घ्या. बारीक लोकरीचा गुंडा उलगडायला इतका वेळ लागतो की प्रेक्षक कंटाळतात.

गुंडा काढायच्या निमित्ताने डावा हात पिशवीत घाला, घडी नळीत टाका आणि बोटाने शेवटपर्यंत ढकला. नाणं वजनाने आपोआप घसरतं, नोट घसरत नाही. नळी ओढून पिशवीतच सोडा, गुंडा एकदा घट्ट दाबा आणि बाहेर काढून उंच ग्लासात ठेवा. ग्लास बुटका असेल तर लोकर ओढताना गुंडा उडी मारून बाहेर पडतो. आता लिफाफा उचलून चिरेवरूनच फाडा, त्याचे बारीक तुकडे करा. चिरेचा पुरावाही त्यात जातो. लोकरीचं टोक मालकाच्या हातात द्या आणि तुम्ही ग्लासपासून दूर उभे राहा. नोट मालकाने उघडायची, नंबरही त्यानेच जुळवायचा.

प्लॅस्टिकच्या म्हणजे पॉलिमरच्या नोटांनी इथे अडचण येते. ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये अशी पहिली नोट काढली, 1996 पर्यंत तिथल्या सगळ्याच नोटा पॉलिमरच्या झाल्या, आणि आता बऱ्याच देशांत त्या चालतात. त्यांची घडी उसळून उघडते. घडी रबरबँडने बांधावी आणि नळी दोन मिमी जास्त जाड करावी.

महाग साधनांत पैसे घालवावेत ते पाकिटावर. तळहातातली नोट थेट चेन लावलेल्या कप्प्यात जाईल असं पाकीट, लोकांत उभ्याउभ्या प्रयोग करणाऱ्याच्या फार उपयोगाचं असतं. तिथे टेबल नसतं, पिशवी नसते, गुंडा उलगडायला वेळही नसतो. घेताना चामडं नवं आणि ताठ असेल तर नोट आत अडकते, म्हणून महिनाभर ते रोज खिशात वागवून मऊ करावं. दोन्हीकडून उघडणारं पाकीट बँडमास्टर आणि जादूगार रिचर्ड हिंबर याच्या नावाने ओळखलं जातं. अदलाबदलीला ते छान, पण प्रेक्षकाच्या हातात देता येत नाही. त्याचं काम दोन सारखे लिफाफे पाठीला पाठ चिकटवूनही होतं.

कुलूप लावायची पितळी नळी दिसायला देखणी असते, पण अशी वस्तू घरात कुणाकडेच नसते. ती बाहेर आली की प्रेक्षक नोट विसरून नळीच तपासू लागतो.

थंब टिप, म्हणजे अंगठ्यावर चढवायची अंगठ्यासारखीच दिसणारी पोकळ टोपी, मात्र स्वस्त असूनही जरूर घ्यावी. अंगठ्याच्या पहिल्या सांध्यापर्यंत येईल अशी, किंचित घट्ट. रंग तंतोतंत जुळण्यापेक्षा अंगठ्याची दिशा महत्त्वाची आहे. टोक प्रेक्षकाच्या डोळ्यांकडे असू द्या, बाजूने दिसली की ती टोपी असल्याचं कळतं. उसनी नोट तिच्यात गेली असेल तर ती परत कधी काढायची हे आधी ठरवा. आधी मालकाची नोट त्याच्या हातात पडू द्या, मग टाळ्या घ्या.