धरणाकाठी ट्रेलरचा दोन रात्रींचा मुक्काम : या चुका टाळा

पाण्याकाठी मुक्काम करायचा तर नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. गंगापूर धरणाचा फुगवटा शहराच्या हाकेच्या अंतरावर आहे, त्र्यंबकेश्वरच्या पुढे वैतरणेचा जलाशय लागतो आणि घोटीहून वळले की १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा भंडारदऱ्याचा तलाव गाठता येतो. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, त्यानंतर गाडीमागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून अशा ठिकाणी जाण्याची हौसही वाढली आहे. मात्र ठिकाण जवळ आणि मुक्काम दोनच रात्रींचा, म्हणून तयारीही वरवरची केली जाते, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते. आठवडाभराच्या सहलीत पहिल्या दिवशी राहिलेली उणीव तिसऱ्या दिवशी भरून काढता येते. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी दुपारी निघणाऱ्याला ती सवड मिळत नाही.

सामान भरताना वजनाचा विचार न करणे

ट्रेलरच्या मागच्या बाजूला जागा मोकळी दिसते, म्हणून खुर्च्या, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी असे सगळे जड सामान तिथेच रचले जाते. त्यामुळे पुढचा दांडा हलका होतो आणि महामार्गावर वेग घेताच किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. जड सामान नेहमी आसाच्या (चाके जोडणाऱ्या ॲक्सलच्या) वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवावे. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार गाडीच्या हुकावर यावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे ७५० किलोच्या भरलेल्या ट्रेलरसाठी सुमारे ७५ किलो. अर्थात आपल्या गाडीचा हूक किती भार पेलू शकतो, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून तीच मर्यादा अंतिम मानावी.

हा भार मोजायला वेगळ्या यंत्राची गरज नाही. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना पाचरी लावाव्यात, घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवावा, त्यावर हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करावा आणि जॉकी चाक (दांडा वर-खाली करण्यासाठी पुढे असलेले लहान चाक) हळूहळू वर घेऊन दांडा ठोकळ्यावर टेकवावा; काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे हुकावरचा भार, त्यातून ठोकळ्याचे वजन तेवढे वजा करावे. हे मोजमाप पाण्याची टाकी ज्या स्थितीत ठेवून निघणार, त्याच स्थितीत करावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि टाकी आसाच्या मागे असेल तर ती भरताच सगळी मांडणी बदलते. जवळच्या मुक्कामासाठी पाव टाकी पाणी घेऊन निघावे आणि उरलेले मुक्कामी भरावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ट्रेलर झोके घेऊ लागलाच, तर करकचून ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. घाटात उतरताना आधीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. गावातले गतिरोधक अगदी सावकाश ओलांडावेत, कारण ट्रेलरखालचा सांडपाण्याचा पाइप आणि जॉकी चाक हेच सर्वांत खाली आलेले भाग असतात. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्यामुळे त्याची नोंदणी आणि कागदपत्रे वेगळी असतात. ती सोबत ठेवावीत.

काठाची जमीन न तपासता ट्रेलर उभा करणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरते तेव्हा उघडी पडणारी जमीन वरून कोरडी, भेगाळलेली आणि टणक दिसते. ती गाळाची जमीन असते. वरचा पापुद्रा वाळलेला असला तरी खाली ओल टिकून असते. त्यावर ट्रेलर नेला की एका बाजूचे चाक सावकाश खचू लागते आणि सकाळपर्यंत दार नीट बंद होत नाही. नाशिक परिसरात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट अधूनमधून होतेच. द्राक्षबागायतदार ज्या आभाळाकडे धास्तीने पाहतात, त्याच आभाळाकडे ट्रेलरवाल्यानेही पाहिले पाहिजे, कारण काळ्या मातीवर तासभर सर आली की चाकांभोवती चिखलाचे पेंड चढते आणि गाडीची चाके जागीच फिरू लागतात.

म्हणून गाडी खाली नेण्याआधी उतरून पायी चालत जावे. टाच जोराने दाबून पाहावी, लोखंडी खुंटी हाताने किती सहज आत जाते ते तपासावे आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या किती खोल उमटल्या आहेत, ते पाहावे. मुरमाची, किंचित उंचावरची आणि रस्त्याकडे तोंड करून निघता येईल अशी जागा निवडावी, मग पाणी शंभर पावले लांब राहिले तरी चालेल. पावसाळ्यात तर पाण्याच्या रेषेपाशी मुक्काम करूच नये. फुगवट्याचे पाणी रात्रीतून चढते आणि धरणाच्या खालच्या अंगाला विसर्ग वाढतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, यावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककराला हे नव्याने सांगायला नको.

चाक रुतलेच, तर रेस करून ते आणखी खोल नेऊ नये. ट्रेलरमधले पाणी आणि जड सामान उतरवावे, चाकाच्या पुढची माती उतार देऊन खणावी, फळ्या किंवा खडी अंथरावी आणि मग कमी गिअरमध्ये हळू ओढावे. तरीही निघाले नाही, तर जवळच्या वस्तीवरच्या एखाद्या शेतकरीदादांना ट्रॅक्टरसाठी विनंती करावी आणि डिझेलचे व वेळेचे पैसे आपणहून द्यावेत. दोर ट्रेलरच्या चासीला बांधावा, आसाला किंवा कोपऱ्यातल्या टेकूंना कधीही नाही. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

जागा ठरल्यावर क्रम पाळावा. आधी डावी-उजवी पातळी साधावी, तीही गाडी जोडलेली असतानाच, खालच्या चाकाखाली फळी सरकवून. त्यानंतर दोन्ही चाकांना पाचरी लावाव्यात, मग गाडी सोडवावी आणि शेवटी जॉकी चाकाने पुढची-मागची पातळी जमवावी. गवंडी वापरतात ती लहान पाणसळ दारातल्या फरशीवर ठेवली की काम भागते. पाचरी लावण्याआधी गाडी सोडवल्यास उतारावर ट्रेलर पाण्याच्या दिशेने निघू शकतो, म्हणून या क्रमात घाई नको. कोपऱ्यातले टेकू ट्रेलर उचलण्यासाठी नसतात, हलू न देण्यासाठी असतात. त्यांच्यावर वजन घेतले तर ते वाकतात. गॅसवरही चालणारा, अमोनियाचा फ्रिज असेल तर पातळी अधिकच महत्त्वाची ठरते, कारण त्यात द्रव केवळ स्वतःच्या वजनाने वाहतो आणि ट्रेलर कलता असेल तर तो अडकून थंडावा थांबतो.

सांडपाणी काठावर सोडणे

नाशिक शहराचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणातून येते. आपण ज्या पाण्याकडे पाहत चहा घेतो, तेच पाणी शुद्धीकरण होऊन आपल्याच नळाला येणार असते. असे असूनही बेसिनखालचा पाइप उघडा सोडून भांडी घासली जातात आणि साबणाचे, तेलाचे पाणी उताराने सरळ जलाशयाकडे जाते. दोन रात्रींसाठी यावर उपाय अवघड नाही. पाइपाखाली झाकणाचा वीस लिटरचा कॅन ठेवावा, भांड्यांतले खरकटे आणि तेल आधी कागदाने पुसून घ्यावे, साबण कमी वापरावा आणि भरलेले कॅन घरी नेऊन न्हाणीच्या मोरीत रिकामे करावेत. अंघोळ आणि कपडे धुणे थेट पाण्यात उतरून करू नये. ते काठापासून किमान साठ मीटर दूर करावे.

शौचालयाच्या कॅसेटबाबत, म्हणजे मैला साठवणाऱ्या काढता येणाऱ्या टाकीबाबत, तर तडजोडच नको. ती खड्डा खणून, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर रिकामी करणे हा गावकऱ्यांवर अन्याय आहे. रिसॉर्टवर किंवा शेतावर सेप्टिक टाकी असली तरी तिच्यात ओतण्यापूर्वी विचारावे, कारण कॅसेटमधल्या काही रसायनांनी टाकीतले उपयुक्त जिवाणू मरतात. शक्य तिथे ठिकाणच्या स्वच्छतागृहाचाच वापर करावा आणि ट्रेलरमधले शौचालय रात्रीपुरते ठेवावे.

बॅटरी पुरेल असे गृहीत धरणे

१०० अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणजे हिशेबासाठी हाती पन्नासच अँपिअर-तास येतात. बारा व्होल्टवर चालणाऱ्या फ्रिजचा ४५ वॅटचा कॉम्प्रेसर दिवसातला निम्मा वेळ चालला, तर चोवीस तासांत ४५ अँपिअर-तास त्यातच जातात. त्यात रात्रभराचा पंखा, दिवे आणि मोबाइलचे चार्जिंग मिळवले की पहिल्याच सकाळी मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करून घ्यावा, त्यात गार झालेलेच पदार्थ ठेवावेत आणि जिथे वीज मिळते तिथे दिवसा बॅटरी भरून घ्यावी. सौर पाटी असेल तर ट्रेलर झाडाच्या सावलीत लावण्याचा मोह आवरावा लागतो.

बाहेरून वीज घेताना एक्स्टेन्शनचे वेटोळे तसेच ठेवणे धोक्याचे असते. एसी किंवा गिझर चालू असताना गुंडाळलेली वायर तापून वितळू शकते. वायर पूर्ण उलगडावी आणि ती जाडजूड, अडीच चौरस मिलिमीटरची असावी. जोडणीनंतर ट्रेलरच्या पत्र्याला हात लावताच झिणझिणी जाणवली, तर लगेच प्लग काढावा. तिथे अर्थिंग नाही असे समजून दुसरे सॉकेट शोधावे, अथवा बॅटरीवरच भागवावे.

थंडीत शेगडी आत घेणे

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि पाण्याकाठी गारठा आणखी बोचतो. अशा रात्री झरोके बंद करून कोळशाची शेगडी आत घेणे जीवघेणे ठरू शकते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. शेगडी विझत आली असली तरीही ती आत नको. ऊब मिळवण्यासाठी जाड रजया, पायमोजे आणि गरम पाण्याची पिशवी एवढेच वापरावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून फरशीजवळचे झरोके चटई किंवा पिशव्यांनी झाकू नयेत. प्रवासात सिलिंडर उभा, बांधलेला आणि बंद असावा. मुक्कामी नळीच्या जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे.

किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी

मुक्कामी पोहोचताच बेसिनमधून दुर्गंधी येत असेल, तर प्रवासातल्या हेलकाव्यांनी पाइपाच्या वळणातले पाणी सांडलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. नळ बंद असूनही पंप अधूनमधून धडधडत असेल, तर कुठेतरी जोड गळत आहे असे समजावे. नळातून पाणी गचके देत येत असेल, तर टाकी संपत आली आहे किंवा पंपाच्या आधीच्या नळीत हवा शिरते आहे. ट्रेलरचा एक इंडिकेटर लावल्यावर सगळे दिवे मंद लुकलुकू लागले, तर बहुधा अर्थची वायर सैल असते. प्लगच्या पिना कोरड्या फडक्याने पुसून, घट्ट बसवून पुन्हा पाहावे. धरणावर संध्याकाळी वारा उठतो, त्यामुळे बाहेरची कनात उघडी ठेवून झोपू नये किंवा फेरफटक्याला जाऊ नये.

निघतानाची घाई

रविवारी दुपारी सगळे कंटाळलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यातला टेकू वर घ्यायचा राहतो, पायरी आत ढकललेली नसते किंवा छतावरचा झरोका उघडा असतो. एकाच व्यक्तीने, कोणाशी न बोलता, ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी मारावी : टेकू, पायरी, झरोके, गॅस, विजेची वायर, पाचरी. हूक बसल्यावर जॉकी चाकाने दांडा किंचित उचलून पाहावा. गाडीचा मागचा भागही त्याबरोबर उचलला गेला, तरच कपलिंग खरोखर अडकले आहे असे समजावे. मग जॉकी चाक पूर्ण वर घ्यावे, सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून तिरप्या अडकवाव्यात आणि दुसऱ्या व्यक्तीला मागे उभे करून ब्रेक व इंडिकेटरचे दिवे तपासावेत. चाक बदलले असेल, तर पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. घर त्याआधीच येत असेल, तर घरी पोहोचल्यावर आवळावेत. त्यानंतर पाण्याची टाकी रिकामी करून तिचे झाकण वाळेपर्यंत उघडे ठेवावे.