लांब लेन्सची बॅग निवडताना एक कप्पा रिकामा ठेवा

घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळी पाहुणे म्हणून येणारे कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे पाहण्यासाठी बेळगाव, गोकाक, चिकोडी, निपाणी या भागांतून जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांकडे आता १५०-६०० किंवा २००-६०० मिलिमीटरच्या लेन्स सर्रास दिसतात. ही लेन्स घेण्यापूर्वी महिनोन्महिने चौकशी केली जाते. बॅग मात्र उरलेल्या पैशांत, दुकानात समोर दिसेल ती उचलली जाते. माझ्या अनुभवात लेन्सला लागलेला मार, आत शिरलेली धूळ आणि हुकलेले क्षण यांचे मूळ बहुतेक वेळा बॅगेतच सापडले आहे. म्हणून बॅगेकडे केवळ वाहून नेण्याची पिशवी म्हणून न पाहता, रानात लेन्स बदलताना आपल्याजवळ असलेले एकमेव टेबल म्हणून पाहावे.

निवडीची सुरुवात मोजमापापासून करावी. लेन्सची लांबी कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेली असते, पण ती एकट्या लेन्सची असते. सिग्माची १५०-६०० काँटेम्पररी ही लेन्स मिटलेल्या अवस्थेत सुमारे २६ सेंटीमीटर लांब आणि १९३० ग्रॅम वजनाची आहे. सोनीची २००-६०० सुमारे ३२ सेंटीमीटर लांब असून ट्रायपॉडला जोडण्याचा लेन्सवरचा पाय वगळून तिचे वजन २११५ ग्रॅम भरते. सिग्माची लेन्स झूम केल्यावर पुढे वाढते, सोनीची वाढत नाही. त्यामुळे पहिली बॅगेत कमी जागा घेते, परंतु ठेवण्यापूर्वी ती पूर्ण मिटवून लॉक करावी लागते. या लांबीत कॅमेऱ्याच्या बॉडीचे सात-आठ सेंटीमीटर मिळवले, की सोनीच्या जोडणीसाठी बॅगेच्या आत किमान ४० सेंटीमीटर सलग लांबी लागते, आणि बोटे घालून जोडणी सहज उचलता यावी यासाठी आणखी दोन-तीन सेंटीमीटर मोकळे असणे चांगले. लांबीपेक्षाही खोलीत अधिक फसगत होते. उलटे बसवलेले हूड (लेन्सच्या तोंडावरचे, आडवा उजेड अडवणारे कडे) आणि कॉलरचा, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्याचा, तो पाय धरला तर १५-१६ सेंटीमीटर खोली लागते, आणि लग्नसमारंभाच्या छायाचित्रणासाठी बनवलेल्या अनेक बॅगांत ती नसते. झाकण जोर लावून बंद करावे लागते आणि तो जोर थेट लेन्सवर येतो. पाय बाजूला फिरवून ठेवल्यास खोली कमी लागते, मात्र त्या बाजूचा, कप्पे पाडणारा फोमचा पडदा सरकवावा लागतो.

लेन्स अजून हातात आलेली नसेल, किंवा ती घेऊन गर्दीच्या दुकानात जाणे नको वाटत असेल, तर एक सोपा उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानात ११० मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप मिळतो. त्याचा ४० सेंटीमीटरचा तुकडा कापून घ्यावा. मोठ्या झूम लेन्सची जाडी साधारण एवढीच असते, त्यामुळे खडेबाजारातील दुकानात असो वा कोल्हापुरातील, हा तुकडा बॅगेत ठेवून झाकण बंद होते का, पडदे कितपत सरकवावे लागतात आणि दुसऱ्या लेन्ससाठी किती जागा उरते, हे पाच मिनिटांत समजते. त्या वेळी हुडासाठी दोन-तीन सेंटीमीटर अधिक धरण्यास विसरू नये.

आता मुख्य मुद्दा. जितक्या लेन्स, तितके कप्पे हा हिशेब चुकीचा आहे. सकाळी घटप्रभा अभयारण्यातील धुपदाळच्या पाणवठ्यावर पक्षी टिपून झाल्यावर तुम्ही गोकाकला धबधब्यावर गेलात, तर ५२ मीटर उंचीचा तो कडा लांब लेन्समध्ये मावणार नाही आणि रुंद कोनाची लेन्स लावावी लागेल. त्या वेळी हातात कॅमेरा आणि काढलेली लांब लेन्स असते, तर नवी लेन्स अजून तिच्या कप्प्यात असते. काढलेल्या लेन्ससाठी मोकळी जागा नसेल तर ती काखेत धरली जाते, दगडावर ठेवली जाते किंवा शेजाऱ्याच्या हाती दिली जाते. जांबोटीच्या रस्त्यालगत एकदा माझ्या लेन्सचे मागचे टोपण असेच काखेतून निसटून ओल्या तांबड्या मातीत पालथे पडले. पुढचा संपूर्ण दिवस ती लेन्स काढता आली नाही, कारण मातीने भरलेले टोपण माऊंटवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडल्या जाणाऱ्या लेन्सच्या मागच्या कड्यावर, लावण्याची हिंमत होईना. तेव्हापासून लांब लेन्सएवढा एक कप्पा मी कायम रिकामा ठेवतो. बॅग त्या हिशेबाने थोडी मोठी घ्यावी लागली तरी चालेल.

रिकामा कप्पा असला की लेन्स बदलण्याचा क्रम ठरवता येतो. कॅमेरा बंद करावा आणि वाऱ्याकडे पाठ करावी. नवी लेन्स कप्प्यात असतानाच तिचे मागचे टोपण ढिले करून ठेवावे. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे राहील अशा बेताने जुनी लेन्स काढून रिकाम्या कप्प्यात ठेवावी, लगेच नवी लेन्स बसवावी आणि तिचे सुटलेले टोपण जुन्या लेन्सला लावावे. या पद्धतीत एकच टोपण दोन लेन्सच्या कामी येते आणि बॉडी क्षणभरच उघडी राहते. धबधब्याचे तुषार अंगावर येत असतील तर मात्र गाडीपर्यंत मागे यावे, हेच योग्य.

हा क्रम जमेल की नाही, हे बॅग कोठून उघडते यावर अवलंबून असते. पुढून उघडणारी बॅग जमिनीवर ठेवताना तिची पाठीला लागणारी बाजू चिखलात टेकते आणि तोच चिखल नंतर सदऱ्यावर येतो. पाठीच्या बाजूने उघडणाऱ्या बॅगेत हा त्रास नाही. शिवाय कंबरपट्टा रुंद व पक्का असेल तर खांद्याचे पट्टे सोडून, कंबरपट्टा बांधलेलाच ठेवून, बॅग पोटाकडे फिरवता येते. चेन उघडली की समोर सगळे कप्पे मांडलेले दिसतात आणि बॅग जमिनीला टेकवावीच लागत नाही. भीमगड परिसरासारख्या ओल्या, जळवांच्या रानाजवळ पावसाळी दिवसांत हिंडणाऱ्यांनी हीच रचना घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात ही कृती पाच-सहा किलो वजन भरून करून पाहावी, कारण रिकामी बॅग कोणतीही सहज फिरते. एका खांद्यावरची स्लिंग बॅग छोट्या लेन्ससाठी सोयीची असली तरी दोन किलोच्या लेन्सला ती तासाभरात खांदा दुखवते.

आपल्याकडे बहुतेक जण दुचाकीवरून निघतात, याचाही विचार व्हावा. उंच बॅगेचा तळ सीटवर टेकत असेल तर भार खांद्यांवरून उतरतो, पण रस्त्यातील प्रत्येक खड्डा थेट लेन्सपर्यंत पोहोचतो. तळाचा फोम बोटाने दाबून पाहावा. बोटाला लगेच पलीकडचा टणक भाग लागत असेल तर ती बॅग सोडावी. चोर्ला घाटाकडच्या खडबडीत रस्त्यावर लेन्स आणि बॉडी सुटी ठेवणे मी पसंत करतो. जोडूनच न्यायची असेल तर भार लेन्सच्या नळीवर पडेल अशा रीतीने खाली फोमचा आधार द्यावा, म्हणजे माऊंटवर ताण येत नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणाऱ्यांनी केबिन बॅगेची ७ किलोंची मर्यादा ध्यानात घेऊन रिकाम्या बॅगेचे वजन आधी विचारावे. दोन-अडीच किलो बॅगेतच गेले तर सामानासाठी फारसे काही उरत नाही.

कणकुंबीच्या पावसात रेनकव्हरवर पूर्ण विसंबून राहू नये. ते बॅगेची बाहेरची बाजू झाकते. पाठीवरून ओघळणारे पाणी पट्ट्यांच्या बाजूने आत झिरपते. लांब लेन्स जलरोधक पिशवीत गुंडाळून मग कप्प्यात ठेवावी आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. घरी परतल्यावर बॅग रिकामी करून, सर्व पडदे काढून, पंख्याखाली वाळवावी, कारण फोम ओल धरून ठेवतो आणि त्या दमट काळोखात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रता राहील अशा हवाबंद डब्यात किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवाव्यात, आणि बॅग चेन उघडी ठेवून खुंटीला टांगावी.