जपानी वाचता येत नसेल तर क्योटोचं कांजी संग्रहालय कसं पाहावं

क्योटोला जाणाऱ्यांच्या यादीत सोनेरी देऊळ असतं, लाल कमानींचा डोंगर असतो, बांबूचं बन असतं. गिओन भागातलं कांजी संग्रहालय बहुधा नसतं. आम्हाला जपानी येत नाही, अक्षरांच्या संग्रहालयात जाऊन काय दिवे लावणार, असा लोकांचा हिशेब. मी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवल्या. जपानी मला आजही वाचता येत नाही. मुलगी ओसाकाला नोकरी करते, म्हणून तिकडे जाणं होतं. माझं मत उलटं आहे. ज्याला वाचता येतं तो अक्षराकडे पाहतच नाही, थेट अर्थाकडे धावतो. ज्याला येत नाही त्याला आकार दिसतो, ब्रश कुठे टेकला नि कुठे उचलला ते दिसतं. तिथे पाहायचं तेच आहे. मात्र हात हलवत जाऊ नका, आदल्या रात्री तासभर अभ्यास करा.

अभ्यास असा. आठ-दहा कांजी निवडा आणि कागदावर मोठ्या काढून पाहा. कांजी म्हणजे चीनमधून जपानात आलेली अक्षरं, प्रत्येकाला स्वतःचा अर्थ असलेली. झाडापासून सुरुवात करा: एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी, आणि छेदाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या दोन फांद्या. अशी दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन काढली की अरण्य. झाडाच्या डावीकडे माणूस उभा केला की विश्रांती. सूर्य म्हणजे चौकट आणि तिच्या मधोमध एक आडवी रेघ. त्याच्या शेजारी चंद्र आला की उजेड. डोंगर, नदी, मासा हेही घ्या. शेवटी ‘एइ’ नावाचं एक अक्षर फोनवर शोधून काढा. त्याचा अर्थ चिरकाल, पण आपलं काम अर्थाशी नाही. त्या एका अक्षरात आठ प्रकारचे फटकारे येतात, म्हणून सुलेखन शिकणाऱ्यांकडून ते पिढ्यान्‌पिढ्या गिरवून घेतलं जातं. ते चारपाच वेळा काढलंत तर दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कुठलंही अक्षर पाहताना डोळा कुठे थांबवायचा ते कळेल.

आणि हे क्रमाने काढा, मनाला येईल तसं नको. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ आधी आणि तिला छेदणारी उभी नंतर. फटकाऱ्याच्या शेवटालाही नावं आहेत: ‘तोमे’ म्हणजे थांबून दाबायचं, ‘हाने’ म्हणजे उसळी मारून टोक वर काढायचं, ‘हाराइ’ म्हणजे ब्रश हळूहळू उचलत रेघ विरवायची. आमच्या धंद्यातही हे तिन्ही करावं लागतं, फक्त आम्ही त्यांना नावं ठेवली नव्हती.

आता जायचं कसं. ओसाकाहून जाणार असाल तर योदोयाबाशीहून केइहान रेल्वेची लिमिटेड एक्स्प्रेस धरा. साध्या डब्याला जादा पैसे लागत नाहीत, पाऊणएक तासात गिओन-शिजो स्टेशन येतं. तिथून शिजो रस्त्याने यासाका देवळाच्या लाल दरवाजाकडे तोंड करून चालत सुटा. पाच-सात मिनिटांत उजव्या हाताला, देवळाच्या थोडं अलीकडे, संग्रहालय लागतं. क्योटो स्टेशनवर उतरलात तर २०६ नंबरची बस गिओनला जाते, पण तिच्यात एवढी गर्दी असते की पाठीवरची सॅक काढून हातात धरायलाही जागा मिळत नाही. त्यापेक्षा जेआरच्या नारा लाइनने एकच स्टेशन, तोफुकुजीपर्यंत जा आणि तिथे केइहान पकडा. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. संध्याकाळी पाचला बंद होतं. मी गेलो तेव्हा मोठ्यांचं तिकीट ८०० येन होतं. वेळा आणि दर निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. दोन-अडीच तास हाताशी ठेवा, आणि शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा.

जागा एका जुन्या माध्यमिक शाळेची. २०१६ साली तिथे हे संग्रहालय उघडलं. ते चालवणारी संस्था जपानभर कांजीची परीक्षा घेते, त्यामुळे आतलं वातावरणही काचेआडच्या वस्तूंपेक्षा वर्गातल्या खेळाच्या तासाला जवळचं आहे. जुनी हस्तलिखितं, दुर्मिळ शाई असलं काही पाहायला मिळेल या आशेने गेलात तर निराश व्हाल. इथे हात लावून पाहायचं असतं.

तळमजल्यावर घाई करू नका. कांजीचा इतिहास एका लांबलचक चित्रपट्टीत भिंतीवर मांडलाय आणि संग्रहालयातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग तोच. बहुतेक माहिती जपानीत आहे. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप परिच्छेदांना बऱ्यापैकी चालतं, सुट्या अक्षराला मात्र काहीतरीच उत्तर देतं, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. आपल्या आठ-दहा कांजींपैकी एक निवडा आणि काळाबरोबर तिचा माग काढत चला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी चीनच्या शांग राजवटीत कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या हाडावर कोरलेली अक्षरं सर्वांत जुनी. राजा भविष्य विचारायचा आणि तो प्रश्न हाडावर कोरला जायचा. तिथल्या रेघा काटक्यांसारख्या सरळ आणि टोकदार का आहेत, हे ज्याने कधी कठीण पृष्ठभागावर अक्षर कोरलंय त्याला सांगावं लागत नाही: टोकाखाली गोलाई नीट वळत नाही. म्हणूनच सूर्यही तिथे कोनाकोनाचा होतो. पुढे काशाच्या भांड्यांवर ओतीव अक्षरं आली, तिथे रेघ जाड आणि गोलसर झाली. मग शिक्क्यांवरची एकसारख्या जाडीची वळणदार अक्षरं. मग कारकुनांच्या हातात ब्रश आला, लिहिण्याचा वेग वाढला, आडव्या रेघेच्या शेवटी लाटेसारखा उठाव येऊ लागला. आणि शेवटी आजचं ठाशीव रूप. हत्यार आणि पृष्ठभाग बदलला की अक्षर बदलतं. आमच्याकडे पत्र्यावरचा ऑइल पेंट जाऊन संगणकावर कापलेलं व्हिनाइल आलं तेव्हा हेच झालं, पण ते दुःख इथे नको.

याच मजल्यावर जपान्यांनी या परक्या अक्षरांचं काय केलं तेही कळतं. सुरुवातीला त्यांनी अर्थ बाजूला ठेवून कांजी नुसत्या उच्चारासाठी वापरल्या, त्याला मानयोगाना म्हणतात. आठव्या शतकातला ‘मानयोशू’ हा काव्यसंग्रह तसा लिहिलेला आहे, नाव त्यावरूनच पडलं. पुढे भराभर लिहिताना ती अक्षरं झिजून हिरागाना झाली, आणि बौद्ध भिक्षूंनी ग्रंथांच्या ओळींमध्ये खुणा करताना अक्षराचा तुकडाच तेवढा घेतला त्याची काताकाना. ‘का’ हे अक्षर पाहा: दोन्ही लिप्यांत ते एकाच कांजीपासून आलंय. हिरागानात ती अख्खी कांजी लवचिक झालीय, काताकानात तिचा फक्त डावा भाग उरलाय.

इथे मराठी माणसाने आणखी एक गोष्ट करावी. या अक्षरांचा क्रम मोठ्याने म्हणून पाहावा. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं ना? भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत वर्णमाला शिकत, तिच्या धर्तीवर हा क्रम बसवला गेला. ‘ह’ मध्येच कुठून आला असं वाटेल, तर जुन्या जपानीत त्याचा उच्चार ‘प’ होता. म्हणजे त, न, प, म. आपल्या बाराखडीच्या तक्त्यातला तोच रस्ता. मुलीने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच बोटांवर क-ख-ग म्हणत उभा राहिलो आणि एक आजीबाई माझ्याकडे बघून हसल्या.

मानयोगानाचे शिक्के मारून आपलं नाव उमटवायची सोय आहे, ती सोडू नका. पण नावाची फोड आधीच करून ठेवा. जोडाक्षर फुटतं, ल चा र होतो, ळ तर नाहीच. रमा, मीना, मोहिनी अशी नावं सुखाने बसतात. श्रीकृष्ण किंवा प्रल्हाद असाल तर घरातलं हाकेचं नाव घ्या. शिक्का मारताना कागद खाली सपाट ठेवा आणि मूठ सरळ दाबा, कलली की एक कड कोरडी राहते.

दर वर्षी १२ डिसेंबरच्या सुमारास ‘वर्षाची कांजी’ जाहीर होते. लोक मतं देतात आणि कियोमिझुदेरा मंदिराचे मुख्य पुजारी मोरी सेइहान सर्वांसमोर जवळपास दीड मीटर उंच कागदावर ती एका दमात लिहितात. पहिली १९९५ची, कोबेच्या भूकंपाच्या वर्षाची: ‘थरथर’. २०२० साली ‘दाटी’ होती, २०२३ला ‘कर’. ‘सोनं’ २०२४ साली पाचव्यांदा आलं. लिहिलेला मूळ कागद संग्रहालयात ठेवतात. जाण्यापूर्वी आधीच्या वर्षांच्या ‘सोनं’ची छायाचित्रं फोनवर उतरवून घ्या आणि एकमेकांशेजारी ताडून पाहा: तेच अक्षर, तोच हात, पण शाई कुठे सुकली, कुठे ब्रशचे केस फाकले ते दर वेळी वेगळं. मला त्यातले कोरडे फटकारे जास्त आवडतात. गिऱ्हाइकाने असं अक्षर माझ्याकडून घेतलं नसतं, तो भाग निराळा.

दोन्ही मजल्यांना जोडून उभा असलेला मनोरा म्हणजे सुमारे ५० हजार कांजींचा खांब. जपानी माणसाच्या रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत, म्हणजे खांबावरच्या बहुतेक त्यांनाही अनोळखी. आपली झाडं, मासे शोधा, दोन-तीन सापडले की पुढे चला.

वरचा मजला खेळांचा, मुलं बरोबर असतील तर अर्धा वेळ इथेच जाईल. शरीराने कांजीचा आकार करून दाखवायचा खेळ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर प्रेक्षक व्हा. मोठ्यांनी सुशीच्या भागाकडे जावं. माशांच्या नावांत डावीकडे मासा बसतो आणि उजवीकडचं अक्षर त्याची खूण सांगतं: दुबळा म्हटलं की सार्डिन, बर्फ म्हटलं की कॉड, सपाट म्हटलं की फ्लाउंडर. दुबळा आणि बर्फ या जोड्या जपान्यांनी स्वतः घडवलेल्या. माशांच्या नावांनी भरलेला एक अजस्र चहाचा पेलाही आहे, फोटो काढायला तिथे रांग लागते. शेजारचं ग्रंथालय मात्र जपानी येणाऱ्यांसाठीच. कोशांची जाडी पाहून बाहेर पडा.

निघाल्यावर लगेच बस धरू नका. त्याच शिजो रस्त्याने नदीकडे परत चालताना माना वर करून दुकानांच्या पाट्या पाहा. जुन्या लाकडी पाट्यांवर आडवं लिहिलेलं उजवीकडून डावीकडे असतं, आणि कोरलेल्या अक्षराच्या कडेने उतरणारी सावली दिवेलागणीला सर्वांत छान दिसते. गिओनच्या खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्याच लावल्यात. मुख्य रस्त्यावर अडचण नाही. ब्रश विकत घ्यायचा असेल तर कामो नदी ओलांडून तेरामाची रस्त्याला क्यूक्योदो नावाचं १६६३पासूनचं दुकान आहे, उदबत्त्या आणि लिखाणाचं सामान एकाच छताखाली. अंगठ्याएवढा जाड, साधा ब्रश मागा. पहिल्यांदा वापरताना खळ लावून ताठ केलेले केस कोमट पाण्यात बोटांनी मोकळे करून घ्या, आणि काम झालं की धुऊन टोक खाली करून टांगा.