गुलमोहराची मुळकूज: मृगाआधी बुंधा मोकळा करा

घरासमोरचा किंवा बांधावरचा मोठा गुलमोहर वळवाच्या वाऱ्यात उन्मळून पडला की दोष वाऱ्याला दिला जातो. त्याची मुळे पाहिली तर ती बहुधा आधीच कुजलेली आढळतात, आणि बुंध्याला गच्च भिडवलेले सिमेंट किंवा वर चढवलेला मातीचा भराव तिथेच दिसतो. म्हणून मृगाच्या सरींपूर्वी बुंध्याभोवती किमान एक मीटर जमीन मोकळी करावी. फरशी, पेव्हर ब्लॉक, पार, भराव सगळे काढावे, मात्र कुदळीने मुळे दुखावू नयेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांसाठी एवढेच अंतर मोकळे करण्यास सांगितले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी होणारी पानगळ हा रोग नव्हे. पावसाळ्यात हिरव्या उंटअळ्यांनी पाने फस्त केली, तरी सशक्त झाड पुन्हा फुटते. त्यासाठी महागडी फवारणी नको. परंतु पाऊस होऊनही पालवी विरळ व पिवळट राहिली, शेंड्याकडील फांद्या वाळू लागल्या आणि बुंध्याशी तांबूस-तपकिरी, लाखेसारखी चकाकणारी, पांढऱ्या कडेची छत्री उगवली, तर ती गानोडर्मा बुरशी समजावी. ही छत्री दिसते तेव्हा आतले लाकूड पुष्कळ पोखरलेले असते, त्यामुळे ती तोडून टाकल्याने रोग जात नाही. लाकडी हातोड्याने बुंधा ठोकून पाहावा. आवाज पोकळ आला तर झाड धोक्याचे आहे, असा माझा अंदाज सहसा खरा ठरतो.

या टप्प्यावर दुकानदार टॉनिक, ह्युमिक आणि भारी बुरशीनाशकांचा संच पुढे करतात. कुजलेले मूळ त्यातले काहीच शोषू शकत नाही, तेव्हा तो खर्च टाळावा. लागण सौम्य असेल, तर नारळावरील गानोडर्मासाठी शिफारस असलेले प्रमाण वापरून पाहावे: एक टक्का बोर्डो मिश्रण (एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी) चाळीस लिटर बुंध्याभोवती ओतावे, आणि पुढे पाच किलो निंबोळी पेंडीत पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला मारक ठरणारी उपयुक्त बुरशी) मिसळून द्यावे. ही दोन्ही कामे एकाच वेळी केल्यास मोरचुदातील तांब्यामुळे ट्रायकोडर्मा मरतो. मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत.

इतर कामे:
- वाळक्या फांद्या छाटणे
- कापावर दहा टक्के बोर्डो पेस्ट
- साचलेल्या पाण्याला चर
- बुंध्याजवळ नांगरट, खोदकाम व जाळ बंद

शेजारी निरोगी झाडे असतील, तर मधून साठ सेंटिमीटर खोल व तीस सेंटिमीटर रुंद चर खणावा, कारण ही बुरशी मुळांच्या स्पर्शातून पसरते. पोकळ किंवा कललेले झाड रस्त्यावर अथवा घरावर झुकलेले असेल, तर उपचारात दिवस घालवू नयेत. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी पावसाआधीच मागावी. झाड काढल्यावर खुंट व मुळे उकरून जाळावीत, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर लावू नये. नवे रोप दूर लावताना त्याच्या अळ्यापाशी सिमेंट पोहोचणार नाही, हे गवंडी येण्याआधीच ठरवून घ्यावे.