जादूचा अंधार विरुद्ध जादूचा उजेड: टेबलावर निकाल कसा लावायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (फासे टाकून खेळायचा कल्पनारम्य भूमिका-खेळ; इथे २०१४ चे नियम धरलेत) उजेड-अंधाराची टक्कर झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘माझा उजेड जास्त प्रखर आहे.’ प्रखरपणाला इथे काडीची किंमत नाही. स्पेल (जादूचा मंत्र) कितव्या लेव्हलचा, म्हणजे किती ताकदीचा, ते बघायचं.

पायरी १: उजेड जादूचा आहे का? मशाल किंवा कंदील डार्कनेसमध्ये (जादूचा अंधार पाडणाऱ्या स्पेलमध्ये) विझत नाही, फक्त आत उजेड पाडत नाही. डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात बघायची काही पात्रांची शक्ती, तीही आत निकामी.

पायरी २: नकाशावर घरं मोजा. बहुतेक जण इथेच चुकतात. दिवा अंधारात शिरला तरच विझतो, असं ते धरतात. प्रत्यक्षात दोन्ही क्षेत्रं जरा जरी एकमेकांवर आली तरी पुरतं. डार्कनेसची त्रिज्या १५ फूट, म्हणजे ३ घरं. लाइट या कँट्रिपचा (स्लॉट न लागणाऱ्या साध्या स्पेलचा) लख्ख उजेड २० फूट, त्यापुढे २० फूट मंद. एकूण ८ घरं. क्लेरिकची (देवाच्या जोरावर जादू करणाऱ्या पात्राची) उजळलेली काठी अंधाराच्या केंद्रापासून ५० फुटांवर असली, तरी लाइट गेला!

पायरी ३: लेव्हल ताडून बघा. डार्कनेस दुसऱ्या लेव्हलपर्यंतचा उजेड संपवतो. कायमची ज्योत पेटवणारा कंटिन्युअल फ्लेमही त्यात येतो, आणि त्याच्याबरोबर त्यासाठी खर्चलेली ५० सोन्याच्या नाण्यांची माणकाची पूड पाण्यात. म्हणून कंटिन्युअल फ्लेम तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीने) टाकावा. डेलाइट हा उजेडाचा स्पेल तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा अंधार संपवतो.

डार्कनेस चौथ्या लेव्हलच्या स्लॉटने टाकला तर? डेलाइट त्याला संपवू शकत नाही, पण तोही डेलाइटला संपवत नाही, कारण त्याची मर्यादा दुसऱ्या लेव्हललाच अडकलेली असते. डार्कनेस बिनजादूचा उजेड अडवतो एवढंच नियमात आहे, म्हणून आमच्या मते आत डेलाइटचा उजेड पडू द्यावा. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

स्लॉटच उरला नसेल तर? डार्कनेस एखाद्या वस्तूवर टाकलेला असला, तर तिच्यावर शिरस्त्राण पालथं घाला. अंधार तिथेच कोंडतो. नाहीतर स्पेल टाकणाऱ्याला झोडा: कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारी एकाग्रता) तुटलं की अंधार सरला.

आणि अंधारात दोघांनाही दिसत नसेल तर अ‍ॅडव्हान्टेज-डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा किंवा लहान आकडा घेणं) एकमेकांना खोडतात, साधाच एक फासा टाका. समोर डेव्हिल्स साइटवाला (जादूच्या अंधारातही दिसणारा) वॉरलॉक, म्हणजे करार करून जादू मिळवलेलं पात्र, असेल तर मात्र फायदा त्याचाच.