मसाला पावडर आणि पॅकिंग : या चुका टाळा

पाकिटात गुठळ्या झाल्या, रंग उडाला, वास गेला की पहिला दोष पाउचला दिला जातो. बहुतेक वेळा माल वाळवताना किंवा दळतानाच बिघडलेला असतो.

वजनावरून वाळवण ओळखा

मिरची वरून कुरकुरीत लागते, पण देठापाशी ओल दडून बसते. 100 किलो ओल्या लाल मिरचीत 75 टक्के पाणी धरले तर कोरडा भाग 25 किलो. 10 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की वजन 28 किलोच्या आत यायला हवे. 30 किलो भरले तर उतारा चांगला पडला म्हणून खूश होऊ नका. ओलावा अजून 17 टक्क्यांच्या घरात आहे आणि ही मिरची पोत्यात बुरशी धरणार. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते आणि दळल्याने ते जात नाही. म्हणून काळपट, डागी मिरची निवडून फेकाच, पावडरीत खपवू नका. वाळवण मातीवर नको. ताडपत्री किंवा जाळीचे मांडव वापरा आणि रात्री झाका.

हळदीत चूक शिजवण्यात होते. गड्डे (मधले जाड कंद) आणि हळकुंडे एकत्र शिजवली तर हळकुंडे गळतात, गड्डे कच्चे राहतात. उकळायला लागल्यावर साधारण 45 ते 60 मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा काडीवर भरवसा ठेवा: फेस येऊन वास सुटला आणि टोकदार काडी सहज आत गेली की उतरवा. जास्त शिजली तर रंग बिघडतो, कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होते.

गरम पावडर भरू नका

एकाच फेरीत बारीक दळायचा हट्ट केला की यंत्र तापते आणि सुगंधी तेल उडून जाते. आधी भरड काढा, निवू द्या, मग बारीक करा. पावडर गरम असतानाच पाउच बंद केला तर आतली वाफ थंड होऊन कडेला पाणी धरते. गुठळ्यांचे हे नेहमीचे कारण. परातीत पातळ पसरून निववा, मात्र दमट हवेत रात्रभर उघडी ठेवू नका, पावडर ओल ओढते.

धने आधी, मिरची शेवटी दळा. मधे यंत्र कोरडेच झाडा.

पाउच आणि सील

साधी पातळ पॉलिथिनची पिशवी वास धरून ठेवत नाही. पारदर्शक पाउचमध्ये माल छान दिसतो खरा, पण उजेडाने हळद आणि मिरची दोन्ही फिकी पडतात. अॅल्युमिनियमचा थर असलेले पाउच घ्या.

सील सुटत असेल तर तापमान वाढवण्याआधी पाउचचे तोंड बघा: पट्टीत पावडर अडकली की सील धरत नाही. लांब नळीच्या नरसाळ्याने भरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक खेपेतला एक पाउच पाण्याखाली दाबा. बुडबुडे आले तर ती खेप पुन्हा सील करा.