स्लिपर ऑर्किडचा संकर: परागसिंचनापासून परीक्षणापर्यंत

पॅफिओपेडिलम, म्हणजे ज्याला आपण स्लिपर ऑर्किड म्हणतो, त्याची एकसारखी रोपे प्रयोगशाळेत फॅलेनोप्सिस या दुसऱ्या ऑर्किडप्रमाणे हजारोंनी तयार करणे अजूनही व्यवहार्य ठरलेले नाही. एखादे फूल मनासारखे आले, तर त्या झाडाचे फुटवे सवडीने वेगळे करणे एवढाच मार्ग उरतो. बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे निघत असल्याने या छंदात संकर करणे आणि फुलाचे परीक्षण करणे ही दोन कामे मी वेगळी मानत नाही.

परागकणांना हात लावण्यापूर्वी या संकरातून आपल्याला काय हवे आहे, ते वहीत लिहावे. ‘सुंदर फूल’ असे लिहून उपयोग नाही. ‘मॉडिएचा हिरवा-पांढरा रंग, पण वरचे निदल अधिक रुंद आणि सपाट’ असे नेमके लिहावे. (निदल म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचे, पाकळीसारखेच दिसणारे दल.) मॉडिए हा कॅलोसम आणि लॉरेन्सियानम या दोन जातींचा संकर इंग्लंडमध्ये १९०० साली नोंदवला गेला. नवशिक्याने याच गटापासून सुरुवात करावी, कारण नक्षीदार पानांची ही झाडे उबदार हवेत बरी वाढतात. हिरवा-पांढरा रंग हवा असेल, तर आई-बाप दोन्ही लाल रंगद्रव्य नसलेले घ्यावे लागतात. एक जरी रंगीत घेतला, तरी पहिल्या पिढीत लाली परतते.

मूळ झाडे जंगलातून आणलेली मुळीच नसावीत. मेघालयातील इन्सिग्नी ही जात असो वा अगस्त्यमलाईच्या डोंगरांतील ड्रुरीआय, आपल्याकडे या झाडांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि पॅफिओपेडिलमच्या सर्वच जाती ‘साइटिस’ या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. रोपवाटिकेत वाढवलेले झाडच कागदपत्रांसह घ्यावे.

आई म्हणून किमान दोन-तीन फुटव्यांचे सशक्त झाड निवडावे, कारण बोंड पोसताना झाडाची बरीच शक्ती जाते. फूल उमलून आठवडा झाला, की पिशवीसारखा ओठ खाली वाकवून हळूच कापावा. आता फुलाच्या मधोमध असलेल्या ढालीसारख्या भागाच्या दोन्ही बाजूंना मधासारखा चिकट, पिवळा परागाचा गोळा दिसतो. ढालीच्या मागे, जमिनीकडे तोंड करून, फिकट कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग, असते. आईचे स्वतःचे पराग आधी काढून टाकावेत, मग बापाचे पराग टूथपिकच्या टोकावर घेऊन कुक्षीवर नीट माखावेत. त्याच क्षणी लेबल बांधावे: आईचे नाव आधी, बापाचे नंतर, आणि तारीख. एका वर्षी मी दोन बोंडांची लेबले ‘उद्या लावू’ म्हणून ठेवली. पाच वर्षांनी त्यातले एक फूल फार देखणे आले, पण बाप कोण हे सांगता येईना, त्यामुळे त्याची नोंदणी कधीच झाली नाही. ती खंत अजून आहे.

बोंड साधारण सहा ते दहा महिन्यांत पिकते. टोक तपकिरी होऊ लागताच, तडकण्यापूर्वी ते काढून कागदात गुंडाळावे, प्लास्टिकमध्ये नको. धुळीसारख्या या बियांत अन्नसाठा नसतो. १९२२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी बुरशीच्या मदतीशिवाय, साखर व क्षार असलेल्या माध्यमावर ऑर्किडचे बी रुजवता येते हे दाखवले आणि आजची फ्लास्कची, म्हणजे बंद बाटलीत बी रुजवण्याची, पद्धत त्यावरच उभी आहे. हे काम प्रयोगशाळेकडे द्यावे. रोपे फ्लास्कमधून काढायला आपल्याकडचा एप्रिल-मे टाळावा. पुढे फुलापर्यंत तीन ते पाच वर्षे लागतात. एका दांड्यावर अनेक फुले देणाऱ्या रॉथ्सचाइल्डियानम या जातीच्या संकरांना याहून बरीच अधिक.

कळी दिसली, की कुंडी फिरवू नये, कारण प्रकाशाची दिशा बदलली तर फूल मान वाकडी करून उमलते. पूर्ण उमलल्यावर समोरून, डोळ्यांच्या पातळीवर पाहावे. वरचे निदल सपाट आहे की कडा मागे वळल्या आहेत, त्यावरच्या रेषा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, पाकळ्या एकाच उंचीवर आहेत का, हे आधी; रंगाकडे मी मुद्दाम नंतर वळतो, कारण रंग डोळ्याला लगेच भुलवतो. मग दांडा फुलाला पानांच्या बराच वर पेलतो का, आणि पाकळी बोटाला जाड लागते का, ते पाहावे. शेवटी आई-बापांची छायाचित्रे आणि वही समोर ठेवावी. फूल केवळ मोठे असणे पुरेसे नाही. दोघांपेक्षा ते कशात सरस आहे, हे सांगता आले पाहिजे. पहिला बहर बेताचा असेल, तर आणखी एक-दोन बहर थांबावे, मात्र आकारच मुळात बिघडलेला असेल तर ते झाड संकरासाठी पुन्हा वापरू नये.

अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या पद्धतीत १०० पैकी ७५ ते ७९ गुणांना हायली कमेंडेड सर्टिफिकेट, ८० ते ८९ गुणांना अवॉर्ड ऑफ मेरिट आणि ९० पासून पुढे फर्स्ट क्लास सर्टिफिकेट मिळते. नव्या संकराच्या नावाची नोंदणी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे होते. ते नाव त्या आई-बापांच्या सर्वच रोपांना लागू होते. निवडलेल्या एका झाडाचे स्वतःचे नाव त्यापुढे एकेरी अवतरणात लिहितात, आणि ते फक्त त्या झाडाच्या फुटव्यांनाच लावायचे असते, भावंडांना नाही.